‘स्पूनी’, ‘जगिन्स’, ‘मिल्कसॉप’ : जुन्या इंग्रजीतली खुळी आणि हळवी माणसं मराठीत कशी आणावीत?

प्रश्न असा आहे : एकोणिसाव्या शतकातल्या आणि पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे लिहिलेल्या इंग्रजी कादंबऱ्या मराठीत आणताना ‘स्पूनी’, ‘जगिन्स’, ‘मिल्कसॉप’, ‘गॅबी’, ‘फ्लॅट’, ‘नूडल’, ‘सॅप’ असे शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. कोश उघडावा तर सगळ्यांपुढे ‘मूर्ख’, ‘भोळा’, ‘बावळट’ हीच उत्तरं. मग या शब्दांत फरक आहे की नाही, आणि असला तर तो ओळखायचा कसा?

फरक आहे, आणि चांगला मोठा आहे. पण ‘कोण किती मूर्ख’ या मापाने तो सापडत नाही. ज्याला हा शब्द लावला त्याच्या अकलेबद्दल तो फार थोडं सांगतो. लावणाऱ्याला त्या माणसाकडून काय हवंय, हे मात्र नेमकं सांगतो. ठगाला त्याचे पैसे हवे असतात. शाळेतल्या दांडगट पोरांना तो आपल्यासारखा टणक व्हायला हवा असतो. बहिणीला प्रेमात पडलेला भाऊ भानावर यायला हवा असतो. आजीला तर नातीकडून काहीच नको असतं, नात फक्त जवळ बसली की पुरे. म्हणून कोश नंतर उघडावा. आधी बोलतंय कोण, कुणाबद्दल आणि कुणासमोर, हे समासात लिहून ठेवावं. निम्मं काम तिथेच होतं.

दुसरी गोष्ट, इंग्रजीत खुळेपणा आणि हळवेपणा यांची घरं पहिल्यापासून एकमेकांना लागून आहेत. ‘फाँड’ म्हणजे आज जीव लावणारा, पण मुळात तो शब्द मूर्खासाठीच होता. शेक्सपिअरचा राजा लिअर स्वतःला ‘फूलिश फाँड ओल्ड मॅन’ म्हणतो तिथे ‘प्रेमळ म्हातारा’ लिहिलं तर ती ओळ गेलीच. तो स्वतःला खुळावलेला थेरडा म्हणतोय. ‘डोट’ या क्रियापदात म्हातारपणी बुद्धी चळणं आणि एखाद्यावर आंधळी माया करणं असे दोन्ही अर्थ नांदतात. ‘इन्फॅच्युएटेड’च्या पोटात लॅटिनमधला मूर्ख बसलेला आहे. ‘सिली’चा प्रवास तर उलट्या दिशेने झाला. आधी सुखी आणि धन्य, मग निष्पाप, मग बिचारा आणि शेवटी मूर्ख. जुन्या कवितेतली ‘सिली शीप’ ही गरीब बिचारी मेंढरं असतात, त्यांना कुणी मूर्ख ठरवलेलं नसतं. मराठीला ही जोडी परकी नाही. ‘वेड लागणं’ आणि ‘वेड लावणं’, ‘खुळा’ आणि ‘खुळावणं’ आपल्याकडेही शेजारीच राहतात. मूळ शब्दात दोन्ही अर्थ असतील तेव्हा ‘मूर्ख’ला हात न लावता वेड किंवा खूळ या शब्दांकडे जावं.

आता ठगांचे शब्द घेऊ, कारण सर्वाधिक चुका इथे होतात. १५९१ आणि १५९२ मध्ये रॉबर्ट ग्रीनने लंडनच्या पत्त्यांच्या ठगीवर पत्रकं छापली. तिला तो ‘कोनी कॅचिंग’ म्हणतो. कोनी म्हणजे ससा. या धंद्यात कामांची वाटणी ठरलेली असते : गावाकडून आलेल्या माणसाशी ओळख काढणारा ‘सेटर’, त्याला डावात ओढून खेळणारा ‘व्हर्सर’, योगायोगाने आल्यासारखा मध्येच टपकणारा ‘बार्नॅकल’, आणि जो लुबाडला जातो तो कोनी. इथे सशाला कुणी मूर्ख म्हणत नाही, तो फक्त शिकार असतो. मराठीत ‘सावज’ हा शब्द यासाठी तयारच आहे. ‘गल’, ‘पिजन’, ‘गजन’ ही त्याच कुळातली मंडळी. १६०९ साली टॉमस डेकरने ‘गल’ लोकांसाठी उपरोधाने शिष्टाचाराचं पुस्तकच लिहिलं. पिजनची पिसं काढणाऱ्याला ‘रुक’ म्हणतात. गजन हा गळाला चटकन लागणारा छोटा मासा.

‘फ्लॅट’ शब्दाशी जरा थांबायला हवं. न्यू साउथ वेल्सच्या वसाहतीत शिक्षा भोगणाऱ्या जेम्स हार्डी व्हॉक्स या कैद्याने १८१२ मध्ये चोरांच्या भाषेचा छोटा कोश केला, तो १८१९ मध्ये छापून आला. त्याच्या नोंदीप्रमाणे फ्लॅट म्हणजे कोणताही प्रामाणिक माणूस, आणि विशेष अर्थाने, ज्याला लुटायचा बेत आहे तो. त्याच्या विरुद्ध ‘शार्प’. म्हणजे चोराच्या तोंडी फ्लॅट आला की तो आपल्या टोळीबाहेरच्या साऱ्या जगाबद्दल बोलतोय. तिथे ‘मूर्ख’ लिहिलं तर चोराची दुनिया पाहण्याची दृष्टीच पुसली जाते. मी तिथे ‘गिऱ्हाईक’ सुचवेन. ‘चांगलं गिऱ्हाईक सापडलं’ या मराठी वाक्यात साधा, सभ्य व्यापारी शब्द जसा वाकडा होतो, तसंच फ्लॅटचं झालेलं आहे. तोच शब्द पुढे जुगाराच्या अड्ड्यावर बसणाऱ्या उमरावपुत्राच्या तोंडी येतो तेव्हा मात्र ‘कच्चं लिंबू’ जास्त शोभतं, कारण आता बोलणारा चोर नाही, स्वतःला तरबेज समजणारा खेळाडू आहे.

‘मग’ हा लंडनच्या रस्त्यांवरचा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनचा शब्द. त्याला मराठी ‘मामा’ इतका नेमका बसतो की दुसरा शोधू नये. ‘त्याला मामा बनवला’ यात लुबाडणं आहे, हसणं आहे आणि थोडी दयाही आहे. ‘मगिन्स’ हा त्याचा आडनाव लावलेला भाऊ, आणि त्याची खासियत अशी की माणूस तो बहुतेक वेळा स्वतःलाच लावतो. घरातलं सगळ्यात कंटाळवाणं काम अंगावर पडलं की इंग्रज म्हणतो, ते मगिन्सने करायचं. मराठीत ‘आहेच हा गडी फुकटचा’ असं काहीतरी हवं, तिथे मामा चालत नाही. क्रिबेज या पत्त्यांच्या खेळातही मगिन्स आहे : समोरचा आपले गुण मोजायला विसरला तर तुम्ही ‘मगिन्स’ म्हणून ते खिशात घालता. कादंबरीत पत्ते चालू असताना हा शब्द आला तर ती शिवी नसून खेळातली घोषणा असू शकते. ‘जगिन्स’ १८८०च्या दशकातला, सौम्य, घोड्यांच्या शर्यती आणि वारशाने मिळालेला पैसा यांच्या आसपास वावरणारा. त्याला ‘भोळा सांब’ पुरतो.

अमेरिकेत याच जागी ‘सकर’ येतो. ‘दर मिनिटाला एक सकर जन्माला येतो’ हे वाक्य सर्कसवाल्या पी. टी. बार्नमच्या नावावर सर्रास खपवलं जातं, पण त्याने ते म्हटल्याचा पुरावा नाही. तळटीप द्यायची असेल तर त्याचं नाव घालू नये.

याच कप्प्यात हिंदुस्थानशी खरा संबंध असलेला एक शब्द आहे. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन कोशात ‘पागल’वरून आलेला ‘पॉगल’ नोंदवलेला आहे, आणि सोबत लॅटिन व हिंदुस्थानी यांची भेसळ केलेली म्हणही : ‘पॉगल एत पेक्यूनिया जल्दे सेपारांतुर’, म्हणजे वेडा आणि त्याचा पैसा यांची जल्दी फारकत होते. छावणीतल्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या तोंडी हा शब्द आला तर मराठीत ‘पागल’च ठेवावा. तो आपल्या नोकरांच्या भाषेतला शब्द उचलून मिरवतोय, ते दिसलं पाहिजे. विलायतेहून नुकत्याच उतरलेल्या, पहिलं वर्ष न काढलेल्या साहेबाला ‘ग्रिफिन’ म्हणत. तो मूर्ख नाही, नवखा आहे.

शाळा, मैदान आणि मर्दानगीच्या शब्दांकडे वळलं की ठगाचा मऊ आवाज संपतो आणि उघड हिणवणं सुरू होतं. ‘मिल्कसॉप’ म्हणजे शब्दशः दुधात भिजवलेला पाव. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये सराईवाल्याची बायको नवऱ्याला हेच म्हणते, कारण तो तिच्यासाठी भांडायला उठत नाही. इथे मराठी भाषांतरकारापुढे एक सुबक सापळा आहे. आपल्याकडे ‘दूधखुळा’ आहे, त्यातही दूध आहे, हात आपोआप तिकडे जातो. पण ‘मी काही दूधखुळा नाही’ म्हणणारा सांगतो की मला फसवणं सोपं नाही. मिल्कसॉपचा दोष भाबडेपणा नाही, भित्रेपणा आहे. त्याला ‘नेभळट’ किंवा ‘शेळपट’ म्हणावं, आणि आईच्या पदराआडून बोलणारा तरुण असेल तर ‘शामळू’. दूधखुळा हा शब्द ‘ग्रीन’ आणि ‘ग्रीनहॉर्न’ यांच्यासाठी राखून ठेवावा, तिथे तो चपखल बसतो. दुधातला हाच पाव अमेरिकेत पुन्हा एकदा जन्मला : १९२४ मध्ये एच. टी. वेब्स्टरच्या व्यंगचित्रमालिकेत कॅस्पर मिल्कटोस्ट नावाचं घाबरट पात्र आलं आणि ते आडनाव सामान्यनाम होऊन बसलं. १९२४ पूर्वी घडणाऱ्या कथेत कुणी मिल्कटोस्ट म्हणालं, तर ती मूळ लेखकाची कालविसंगती आहे. ती आपण वाढवू नये आणि झाकूही नये.

‘मॉलीकॉडल’ अवघड आहे. ‘कॉडल’ म्हणजे मंद आचेवर उकडणं, त्यावरून जपणं, लाड करणं. ‘मॉली’ हा अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये समलिंगी पुरुषांसाठी वापरला जाणारा शब्द. जोडशब्दात कधी पहिला भाग जोरात वाजतो, कधी दुसरा. आत्या म्हणते की भाच्याला मॉलीकॉडल करून ठेवलंय, गळ्याला लोकरी मफलर आणि पायाला गरम पाण्याची बाटली, तेव्हा तो ‘लाडोबा’ आहे. पण १९०७ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्डमध्ये विद्यार्थ्यांसमोर भाषण केलं, फुटबॉलच्या दांडगाईची बाजू घेतली आणि कॉलेजांनी जोमदार माणसांऐवजी मॉलीकॉडल घडवू नयेत असं सुनावलं. तिथे ‘लाडोबा’ लिहिलं तर वाक्याचा दात पडतो, ‘शेळपट’ हवं. ‘बायल्या’ हा शब्द हाताशी असतो आणि फार लवकर वापरला जातो. मूळ वाक्यात पुरुषत्वावरच घाव असेल तर तो प्रामाणिकपणे लिहावा, गुळगुळीत करू नये. पण मुळात फक्त काळजीखोर आई असेल तर आपल्या मनातली घाण लेखकाच्या तोंडी घालण्याचा आपल्याला अधिकार नाही.

‘डफर’ मराठी शाळांत इतका रुळलाय की त्याला भाषांतर लागतच नाही असं वाटतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढे ते खरंही आहे, तसाच ठेवला तरी चालतो. पण फ्रान्सिस ग्रोजच्या १७८५च्या कोशातले डफर हे चोरटा माल म्हणून भिकार वस्तू विकणारे भामटे आहेत. म्हणजे अठराव्या शतकातल्या पुस्तकात डफर हा फसणारा नसून फसवणारा असू शकतो. अर्थ थेट उलटा.

तसाच ‘सॅप’. अमेरिकन कथेत तो मूर्ख, सहज भुलणारा; लाकडाच्या बाहेरच्या मऊ, रसाळ थरावरून आलेल्या ‘सॅपहेड’, ‘सॅपस्कल’ यांचं हे लहान रूप. पण ईटनच्या शाळेतला सॅप म्हणजे रात्रंदिवस अभ्यास करणारा पुस्तकी किडा. दोन मुलगे एकाच वाक्यात एकमेकांना सॅप म्हणतात, तेव्हा पुस्तक अटलांटिकच्या कुठल्या बाजूचं आहे हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊच नये. आपल्याकडच्या कॉलेजांतलं ‘मग मारणं’, म्हणजे घोकंपट्टी, हेही इंग्लंडच्या विद्यार्थीभाषेतूनच आलेलं आहे आणि वर सांगितलेल्या मामा-छाप ‘मग’पासून ते वेगळं ठेवायला हवं. ‘नूडल’ची गतही तशीच : अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये तो बावळट माणूस, पुढच्या अमेरिकेत ‘युअर नूडल’ म्हणजे तुझं डोकं.

‘वेट’ आणि ‘ड्रिप’ हे विसाव्या शतकातले. ‘वेट’मध्ये भित्रेपणापेक्षा कणाहीनता आणि उगाच भावुक होणं जास्त. ‘पाणचट’ म्हटलं तर विनोदाकडे जातो, ‘मुळमुळीत’ माणसाला छान लागू पडतं. १९८०च्या आसपास मार्गारेट थॅचर यांच्या पक्षात त्यांच्या कठोर आर्थिक धोरणाला कचरणाऱ्यांना ‘वेट्स’ म्हणू लागले, आणि समोरच्या गटाला ‘ड्राईज’. राजकीय लेखनात ते गटाचं नाव झालंय, तेव्हा तिथे ‘वेट’च ठेवून एकदा खुलासा द्यावा.

‘स्पूनी’साठी मात्र घाई करून भागत नाही, कारण खुळा आणि प्रेमात पडलेला यांच्यातला उंबरठा हाच शब्द ओलांडतो, आणि तो नेमका कोणत्या पायरीवर आहे हे व्याकरण सांगतं. अठराव्या शतकाच्या अखेरीला ‘स्पून’ म्हणजे नुसता बावळट. त्याचा ‘स्पूनी’ झाला तेव्हाही सुरुवातीला अर्थ तोच होता. हळूहळू तो प्रेमाने बावळट झालेल्यासाठी राखीव होत गेला. आता वाक्य पाहा. ‘अ स्पूनी’ असं नाम असेल आणि काळ १८२०च्या आगेमागचा असेल तर ‘खुळचट’ पुरे. ‘स्पूनी ऑन’ किंवा ‘स्पूनी अपॉन’ असं शब्दयोगी अव्यय पुढे आलं की कुणीतरी दुसरी व्यक्ती आली : तो तिच्यावर पाघळलाय. ‘टू स्पून’ हे क्रियापद असेल तर दोघंही सामील आहेत, बागेतल्या बाकावर गुलुगुलु चाललंय. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतल्या अमेरिकन लेखनात हे क्रियापद बोलण्यापुरतं राहत नाही, गळ्यात हात पडलेले असतात.

मराठीत ‘पाघळणं’ इतकं योग्य आहे की मी पहिल्यांदा तेच लावून बघतो. त्यात प्रेम खरं असतं, माणूस हास्यास्पद झालेला असतो आणि बोलणाऱ्याच्या मनात फार राग नसतो. ‘लाळ गाळणं’ घालू नये, त्यात वासना येते, आणि स्पूनी तरुण बहुधा कविता लिहीत बसलेला असतो. ‘लट्टू’ला हिंदी सिनेमाची झाक आहे. आसपासच्या पायऱ्याही वेगळ्या ठेवायला हव्यात : ‘स्वीट ऑन’ म्हणजे मन बसलंय, ‘सॉफ्ट ऑन’ म्हणजे हळवा कोपरा आहे, ‘गॉन ऑन’ म्हणजे गेलाच हातचा. पण ‘सॉफ्ट’ एकटा असेल, किंवा ‘सॉफ्ट इन द हेड’ असेल, तर प्रेम वगैरे काही नाही, डोक्यात चार आणे कमी आहेत. आणखी एक खबरदारी : स्पूनीचा उगम वेल्समध्ये प्रियेला कोरून द्यायच्या लाकडी चमच्यांत आहे, अशी गोड कथा सांगतात. शब्दाची पहिली कामगिरी मूर्खासाठी होती, प्रेमिकासाठी नव्हे. त्यामुळे ती कथा टिकत नाही. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सन्मान मिळवणाऱ्यांत तळाला राहिलेल्याला दिला जाणारा भलामोठा लाकडी चमचा ही निराळी वस्तू. तो शेवटचा १९०९ मध्ये दिला गेला.

हळवेपणाच्या शब्दांत सर्वांत फसवा शब्द सगळ्यात साधा दिसतो : ‘सेंटिमेंटल’. १७४९ मध्ये लेडी ब्रॅडशे यांनी कादंबरीकार सॅम्युएल रिचर्डसनला पत्रात विचारलं की हा जो सभ्य लोकांच्या तोंडी सारखा शब्द आहे त्याचा अर्थ तरी काय. तेव्हा तो नवा होता आणि स्तुतीचा होता. १७६८ मध्ये लॉरेन्स स्टर्नने आपल्या प्रवासकथेच्या नावातच तो घातला. १७७१ मध्ये हेन्री मॅकेन्झीने ‘द मॅन ऑफ फीलिंग’ लिहिली, तिचा नायक येता-जाता डोळे पुसतो, आणि तो त्या काळच्या वाचकांच्या दृष्टीने आदर्श होता. शंभर वर्षांत वारं किती फिरलं पाहा : १८८६ मध्ये हेन्री मॉर्ली यांनी त्याच पुस्तकाची आवृत्ती काढली, आणि तिला कोणत्या पानावर कोण रडलं याची ‘अश्रूंची सूची’ जोडली. म्हणून १७७०च्या मजकुरातला सेंटिमेंटल गृहस्थ ‘सहृदय’ आहे, १८७०च्या मजकुरातला ‘भावनेत वाहून जाणारा’. वर्ष न बघता एकच शब्द ठेवला की स्तुतीची शिवी होते. ‘लॅकडेझिकल’ हा स्टर्नच्या काळातलाच, ‘अ‍ॅलॅक द डे’ या सुस्काऱ्यातून आलेला. उसासे टाकत लोळणारा माणूस डोळ्यांपुढे आणावा, आळशी नव्हे.

‘मॉडलिन’, ‘मॉकिश’ आणि ‘नँबी-पँबी’ या तिघांना एकच ‘रडवेला’ लावतात, तो टाळता येतो. मॉडलिन हे मेरी मॅग्डलीनचं नाव आहे, चित्रांत ती नेहमी रडताना दाखवत. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमधल्या तिच्या नावाच्या कॉलेजांचा उच्चार आजही ‘मॉडलिन’ असाच करतात. पण इंग्रजीत हा शब्द बहुतेक वेळा दारू चढल्यावर येणाऱ्या रडण्यासाठी आहे; पेला दिसत नसेल तर थोडं मागचं पान चाळावं, बहुधा सापडतो. मॉकिशच्या मुळाशी अळीचा जुना शब्द आहे. अर्थ होता मळमळणारा, म्हणून भावनेचा अतिगोडपणा ओकारी आणणारा असेल तिथेच ‘गोडगिट्ट’ किंवा ‘गुळचट’. नँबी-पँबीचा जन्म तर तारखेसकट सांगता येतो : अँब्रोज फिलिप्स हा कवी थोरामोठ्यांच्या लहान मुलांवर बोबड्या कविता करायचा, हेन्री केरीने १७२५ मध्ये त्याच्या नावाची मोडतोड करून हे टोपणनाव दिलं आणि कवी अलेक्झांडर पोपने ते उचलून धरलं. त्यात रडणं नाहीच, बोबडेपणा आहे. ‘बाळबोध’ जवळ जातं, पण मराठीत त्याला लिपीचा आणि साधेपणाचा चांगला अर्थही आहे. ‘लाडेलाडे’ बरं.

अमेरिकन वर्तमानपत्री जगातली ‘सॉब सिस्टर’ हीही याच घरातली. १९०७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हॅरी थॉ याच्यावर खुनाचा खटला चालला तेव्हा स्त्री-वार्ताहरांच्या हळव्या वृत्तान्तांमुळे हे नाव पडलं. पुढे तसं लिहिणाऱ्या कुणालाही चिकटलं. ‘रडूबाई’ लिहू नये, कारण ती स्वतः रडत नाही, वाचकाला रडवते. ‘श्मॉल्ट्स’ ही यिद्दिश या ज्यूंच्या भाषेतली वितळवलेली चरबी, १९३०च्या सुमारास संगीताच्या लोकांमुळे इंग्रजीत पसरलेली. जुन्या व्हिक्टोरियन कादंबरीच्या भाषांतराला दिलेल्या प्रस्तावनेत ती शोभत नाही.

प्रेमाने म्हटलेल्या शब्दांत मराठीची ताकद इंग्रजीहून जास्त आहे, आणि ती वापरली जात नाही याचं वाईट वाटतं. ‘यू लिटल गूस’ यासाठी ‘वेडाबाई’ आहे. मित्राने मित्राला ‘ओल्ड चंप’ म्हटलं तर ‘अरे ठोंब्या’. चंप मुळात लाकडाचा ओंडकाच. ‘सिली अ‍ॅस’ दोन बरोबरीच्या पुरुषांत ‘गाढवा’ होतं, पण बाप-मुलाच्या संवादात तेच मराठीत जास्त टोचतं, तिथे ‘खुळ्या’ घ्यावं. शिवाय आपल्याकडे नपुंसकलिंग आहे : ‘बावळं ध्यान’, ‘येडं कुठलं’, ‘खुळं आहे पोर’. लिंग बदललं की तिरस्कार ओसरून माया येते. ‘पुअर ओल्ड नूडल’ किंवा ‘निनी’ यासाठी एवढं सरळ साधन इंग्रजीकडे नाही. उलट ‘फूल’ हा सरळ शब्द व्हिक्टोरियन माणसाला तोंडावर म्हणायला जड जायचा. मत्तयकृत शुभवर्तमानात, ५:२२ मध्ये, भावाला असं म्हणणाऱ्याला नरकाग्नीची भीती घातलेली आहे. म्हणून त्या काळातल्या संवादात ‘यू फूल’ आलं तर ते ‘वेड्या’ नव्हे, तिथे ‘मूर्खा’च हवं, आणि आवाज चढलेला हवा.

काही शब्द मात्र शिव्या नाहीतच. ‘अ नॅचरल’ आणि ‘अ‍ॅन इनोसंट’ म्हणजे जन्मापासून मंद बुद्धीचा माणूस. ‘नैसर्गिक’ आणि ‘निष्पाप’ अशी भाषांतरं छापून येतात, तेव्हा वाक्य अधांतरी लोंबतं. ‘मोरॉन’ हा शब्द १९१० मध्ये मानसशास्त्रज्ञ हेन्री गोडार्ड यांनी वैद्यकीय वर्गासाठी ग्रीकमधून घडवला. ब्रिटनच्या १९१३च्या कायद्यात ‘इडियट’, ‘इंबेसील’, ‘फीबल-माइंडेड’ या अधिकृत श्रेणी होत्या आणि १९५९च्या मानसिक आरोग्य कायद्यापर्यंत त्या चालल्या. त्या काळातला डॉक्टर किंवा न्यायाधीश पात्र म्हणून बोलत असेल तर त्याच्या तोंडी रुक्ष, कागदी मराठी हवी.

कोश पाहण्याचा क्रम. इसवी सन १८२० पर्यंतच्या मजकुराला ग्रोज आणि व्हॉक्स. त्यानंतर हॉटनचा १८५९चा कोश, मग फार्मर आणि हेन्ली यांचे १८९० ते १९०४ मध्ये निघालेले सात खंड. एरिक पार्ट्रिजचा १९३७चा कोश वाचायला रसाळ आहे, पण त्याच्या तारखांमध्ये अंदाज पुष्कळ, एकट्याच्या भरवशावर निर्णय घेऊ नये. जोनाथन ग्रीनचा २०१०चा तीन खंडांचा कोश सालवार अवतरणं देतो आणि २०१६पासून इंटरनेटवरही आहे. वाद मिटवायचा तो तिथे. ‘गॅबी’ किंवा स्कॉटलंडचा ‘गाउक’, म्हणजे मुळात कोकीळकुळातला कुक्कू पक्षी, अशा खेड्यातल्या शब्दांना जोसेफ राइट यांचा १८९८ ते १९०५ मधला सहा खंडांचा बोलीकोश. आणि मराठीच्या बाजूने मोल्सवर्थ, विशेषतः १८५७ची दुसरी आवृत्ती, उलटा वाचावा. त्याने मराठी शब्दांना दिलेले इंग्रजी प्रतिशब्द त्याच काळच्या इंग्रजीतले आहेत. त्यामुळे आपण विसरलेला मराठी शब्द नेमका त्याच पिढीच्या इंग्रजी शब्दापुढे उभा असलेला सापडतो.

बोलीभाषेबद्दल एक मत ठामपणे मांडतो. यॉर्कशरचा शेतकरी ‘गॅबी’ म्हणाला म्हणून त्याला मालवणी ‘खुळो’ किंवा वऱ्हाडी ‘बयताड’ देऊ नये. शब्द सुंदर आहेत, पण ते लागताच तो शेतकरी कुडाळचा किंवा अकोल्याचा होतो आणि पुढच्या पानावरचं बर्फ खोटं वाटू लागतं. ‘येडं’, ‘खुळं’ ही कुठल्याच एका जिल्ह्याची नसलेली ग्रामीण रूपं पुरतात.

एक वाक्य तिघांच्या तोंडी घालून पाहू. ‘ही हॅज गॉन क्वाइट स्पूनी ऑन द गव्हर्नेस, द ग्रेट गॅबी.’ काळ १८६०च्या आसपास. धाकटी बहीण आईला सांगत असेल : ‘अगं, दादा त्या मास्तरीणबाईंवर पार पाघळलाय, खुळाच आहे नुसता.’ क्लबातला दोस्त दुसऱ्याला सांगत असेल : ‘पठ्ठ्या त्या मास्तरणीच्या मागे खुळावलाय पुरता, ठोंब्या लेकाचा.’ आणि घरातली जुनी मोलकरीण, जिने त्याला अंगाखांद्यावर खेळवलं, स्वयंपाकघरात भांडी विसळता विसळता : ‘धाकले मालक बाईंच्यापायी येडे झालेत हो. एवढं मोठं झालं, पण खुळं ते खुळंच.’ तिसऱ्या वाक्यात ‘मालक झालेत’ हे आदरार्थी आहे आणि लगेच पुढे ‘मोठं झालं’ हे नपुंसकलिंग. व्याकरण तपासणारा इथे खूण करेल. ती खूण खोडून वाक्य तसंच ठेवावं.